थांका : सगळा भार सरसावर

मांजरपाट

थांका म्हणजे कापडावर रंगवलेलं तिबेटी बौद्ध चित्र. तो समोर आला की नजर आधी देवतेवर जाते, मग सोन्यावर, मग भोवतीच्या किनखाबावर. काम करणाऱ्याचं लक्ष मात्र सरसावर, म्हणजे कातड्यापासून केलेल्या चिकटद्रव्यावर असतं. कापडाला सरस, खडूत सरस, प्रत्येक रंगात सरस, सोन्यातसुद्धा सरस. हे चित्र गुंडाळायचं असतं, आणि गुंडाळलेलं पुन्हा उलगडायचं असतं. सरस कुठे किती पडला यावर ते दोनशे वर्षं टिकणार की वीस वर्षांत पोपडे धरणार हे ठरतं. थांक्यातल्या प्रतीकांवर मराठीत अधूनमधून वाचायला मिळतं. तो बनतो कसा, यावर फारसं सापडत नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

कापड आणि चौकट. साधं सुती कापड, एकसारख्या विणीचं, ना फार जाड ना फार विरळ. आपल्याकडचा बारीक मांजरपाट चालतो. रेशमावरचे थांके आहेत, पण थोडे. कापडाच्या चारी कडांना बांबूच्या बारीक कामट्या शिवून घ्यायच्या. ही झाली आतली चौकट. बाहेर लाकडाची दणकट चौकट, चारी बाजूंनी वीतभर मोठी. दोन्हींच्या मधून दोरी नागमोडी ओवत न्यायची आणि ताणायची. खिळे मारून कापड पक्कं करायचं नाही, कारण सरस वाळताना कापड आवळतं आणि पुढे कामाच्या ओघात सैल पडतं. दोरी असली की हवं तेव्हा ताण कमी-जास्त करता येतो. ताणल्यावर कापडाचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले नाहीत तर कापड तिरकं ताणलंय. ते आत्ताच सोडून पुन्हा ताणायचं. चौकटीवरून उतरवल्यावर असं कापड मूळ आकाराला येतं आणि मधला बुद्ध एका अंगाला कललेला दिसतो.

पहिला हात सरसाचा. जनावराच्या कातड्याचा सरस, तिबेटात बहुधा याकचा. वड्या रात्रभर गार पाण्यात भिजवायच्या, सकाळी फुगलेल्या वड्या गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून विरघळवायच्या. उकळी येऊ द्यायची नाही, उकळला की त्याची पकड जाते. या पहिल्या हातासाठी वजनाने १ भाग सरसाला १२ ते १५ भाग पाणी. थोडा बशीत काढून गार करून बघायचा. पातळ दह्यासारखा थरथरला तर बरोबर. खरवसासारखी घट्ट वडी पडली तर पाणी वाढवा. कोमट असतानाच दोन्ही बाजूंनी फिरवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा.

अस्तर. पांढरी माती किंवा खडू, वस्त्रगाळ करून, कोमट सरसात कालवायचा. दाटपणा ताकाइतका, फार तर दाट दुधाइतका. एक पातळ थर पुढून, एक मागून. वाळला की पुन्हा तसेच. दोन-तीन थर पुरतात. थर देऊन झाला की कापड उजेडासमोर धरायचं. सुईच्या टोकाएवढी भोकं चमकली तर अजून एक हात लागेल.

यात सरस जास्त झाला तर वाळताना अस्तर आवळतं आणि पहिल्यांदा गुंडाळलं की उन्हाळ्यातल्या तळ्यासारखं भेगाळतं. कमी झाला तर बोटाला पांढरं लागतं, रंग फुटतो, कुंचला ओढताना खडू उचलला जातो. आणि थर जाड केला तर सरस अचूक असूनही भेगा येणार. कापडाची वीण जेमतेम बुजावी, एवढंच अस्तर हवं.

घोटाई. नवख्यांना ही पायरी टाळावीशी वाटते. चौकट सपाट फळीवर ठेवायची, एका वेळी तळहाताएवढा भाग ओल्या फडक्याने दमट करायचा आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने गोल गोल घासायचं. ओलाव्याने सरस किंचित सैल होतो, खडू विणीच्या खाचांत बसतो. पाणी जास्त झालं तर अस्तर लगद्यासारखं सरकतं आणि तिथे खड्डा पडतो. पुढची बाजू झाली की मागची. पूर्ण वाळल्यावर एकदा कोरडी घोटाई. शेवटी पृष्ठभाग अंड्याच्या कवचासारखा लागतो: गुळगुळीत, पण चकचकीत नव्हे. चकाकी आली तर सरस वर आलाय असं समजायचं, आणि त्यावर रंग धरत नाही.

रेषा. आधी मधली उभी रेषा. तिबेटी भाषेत तिला ब्रह्मरेषाच म्हणतात, आपल्या शिल्पशास्त्रातलं ब्रह्मसूत्र ते हेच. रंगाच्या कोरड्या पुडीतून ओढलेली दोरी ताणून धरायची आणि टिचकी मारायची. मग दोन कर्ण, कंपासाने कमानी काढून काटकोनातली आडवी रेषा, शेवटी कडेच्या चार. या आठ मुख्य रेषा उमटल्या की मूर्तीची मापं पडायला लागतात.

---

गवाक्ष

वाचनखूण साठवली. एक विचारतो. दुकानातला मांजरपाट आणून थेट ताणला आणि सरस शोषलाच गेला नाही, पाण्यासारखा वर तरंगत राहिला, तर काय चुकलं?

---

मांजरपाट

@गवाक्ष, खळ काढली नाही. गिरणीच्या कापडाला खळ असते. गरम पाण्यात दोन-तीनदा धुवून, खळखळून, न पिळता वाळवायचं. खळ राहिली की सरस धाग्यात शिरत नाही, नुसता वर बसतो, आणि वर्षा-दोन वर्षांत अस्तराचे पापुद्रे सुटतात. कापड धुतल्याने आटतं तेही ताणण्याआधीच आटून जातं.

---

ब्रह्मसूत्र

मापांबद्दल थोडं. एकक अंगुळ, पण तुमच्या-आमच्या बोटाचं नव्हे, त्या मूर्तीच्या बोटाचं. चित्र वीतभर असो की पुरुषभर, प्रमाण तेच राहतं.

कालचक्र या बौद्ध तंत्रग्रंथाच्या परंपरेप्रमाणे बुद्धाची उभी मूर्ती १२५ अंगुळं. वाटणी अशी: उष्णीष (डोक्यावरचा उंचवटा) ४, केस साडेचार, चेहरा साडेबारा, गळा ४, गळ्यापासून हृदयापर्यंत साडेबारा, तिथून बेंबीपर्यंत साडेबारा, बेंबीपासून गुह्यापर्यंत साडेबारा. इथवर साडेबासष्ट, म्हणजे बरोबर अर्धं. खालचे साडेबासष्ट असे: कंबर ४, मांडी २५, गुडघा ४, पोटरी २५, पाऊल साडेचार. चेहरा साडेबारा आणि एकूण १२५, म्हणजे मूर्ती दहा चेहऱ्यांची.

संवरोदय तंत्राच्या परंपरेत तीच मूर्ती १२० अंगुळं, चेहरा १२. दोन्ही परंपरा चालतात, एका चित्रात दोन्ही मिसळायच्या मात्र नाहीत. वरचा भाग एका मापाने आणि खालचा दुसऱ्या मापाने केला की पाय आखूड दिसतात आणि का ते कळत नाही. क्रोधदेवता बुटक्या आणि रुंद, ९६ किंवा ७२ अंगुळांच्या.

शिकणारा आधी महिनोन् महिने बुद्धाचा चेहराच काढतो. मग पूर्ण बुद्ध, मग बोधिसत्त्व, मग क्रोधदेवता. रंगाला हात खूप उशिरा. १५व्या शतकात मेन्ला धोंडुप यांनी मापांवर ग्रंथ लिहिला, त्यांच्यापासून मेन्री शैली सुरू झाली. आजही बहुतेक ठिकाणी पहिला धडा त्याच मापांचा असतो.

रेखाटन कोळशाच्या कांडीने. कोळसा फडक्याने झटकला जातो, म्हणून चुका पुसता येतात. पक्कं झालं की वरून शाई. एकच आकृती अनेकदा हवी असेल तर कागदाला सुईने भोकं पाडून खाका करतात आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटतात.

---

निळवंती

रंगांवर कुणी लिहा ना. विक्रेते सगळ्या निळ्याला 'लाजवर्द' (तो निळा किमती दगड) म्हणतात. खरंच तो वापरतात का?

---

वस्त्रगाळ

@निळवंती, सहसा नाही. अजिंठ्यातला निळा लाजवर्दाचा, तो दूरवरून आयात केलेला होता. तिबेटी थांक्यातला पारंपरिक निळा तांब्याच्या खनिजाचा, अझुराइटचा. तिबेटीत त्याला थिंग म्हणतात. त्याचंच भावंड मॅलाकाइट, हिरवा, तो पांग. दोन्ही खाणीत शेजारी सापडतात. ल्हासाच्या पश्चिमेकडचा न्येमो भाग या दोन्हींसाठी प्रसिद्ध होता.

अझुराइटची गंमत अशी की जितका बारीक कुटाल तितका तो फिका होतो. गडद निळा हवा तर कण जाडे ठेवावे लागतात. म्हणून पद्धत अशी: खडे निवडून माती-दगड काढून टाकायचा, खलात पाण्यासोबत हलक्या हाताने खलायचं, ढवळायचं आणि काही क्षण थांबायचं. जो भाग पटकन तळाला बसला तो सर्वांत गडद. वरचं निळसर पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, थांबायचं, पुन्हा ओतायचं. तीन-चार भांड्यांत तीन-चार निळे मिळतात, शेवटचा आभाळाच्या फिक्या कडेसारखा. सगळं एकदम बारीक वाटून टाकलं तर हाती राखाडी निळा येतो आणि तो परत गडद होत नाही. महाग दगड वाया.

लाल रंगासाठीच्या हिंगुळाचं नेमकं उलट. तो जितका खलाल तितका उजळ आणि नारिंगीकडे झुकणारा होतो. अर्धवट खललेला हिंगूळ काळपट दिसतो, आणि लोकांना वाटतं माल खोटा आहे.

पिवळ्याला हरताळ. पोथीतली चूक झाकायला वापरायचे तोच, 'हरताळ फासणं' तिथूनच आलं. हा आर्सेनिक आणि गंधकाचा. तांब्याच्या निळ्या-हिरव्याला किंवा शिशाच्या रंगांना तो लागू द्यायचा नाही, ते काळवंडतात. उन्हाने फिका पडतो तो वेगळाच. नीळ मात्र त्याला चालते. नीळ आणि हरताळ मिळून होणारा हिरवा जुन्या चित्रांत पुष्कळ आढळतो.

सिंदूर नारिंगीसाठी. पांढरा अस्तराचाच, अधिक शुद्ध करून. मध्य तिबेटातल्या रिनपुंगची पांढरी माती नावाजलेली होती.

आणि दोन वनस्पती-कीटकांचे रंग, ज्यांच्यावाचून थांका सपाट राहतो: नीळ आणि लाख. लाखेचा लाल काढताना काड्यांवरची लाख कुटून गरम पाण्यात टाकतात, सोबत लोध्राच्या जातीच्या झाडाची पानं. त्या पानांत ॲल्युमिनियम असतं, ते तुरटीचं काम करतं. अर्क गाळून मंद आचेवर आटवायचा, तळाला लागू द्यायचा नाही.

आता सरस. धागाकर्त्याने म्हटलंय ते इथे फार खरं आहे. अझुराइट जड आणि जाड्या कणांचा, त्याला सरस जास्त लागतो, आणि कुंचला बुडवताना दर वेळी ढवळावं लागतं, नाहीतर नुसतं सरसाचं पाणी कापडावर जातं. पांढऱ्याला कमी. चाचणी सोपी आहे: चौकटीच्या कडेला एक पट्टा ओढा, वाळू द्या, अंगठ्याने घासा. रंग अंगठ्याला आला तर सरस कमी. पट्टा गडद आणि चकचकीत वाळला तर जास्त, असा रंग काही वर्षांनी खवल्यांसारखा उडतो. वरच्या थरातला सरस खालच्यापेक्षा कडक असू नये. कडक वरचा थर आवळताना खालच्यालाच घेऊन निघतो.

---

औषधी

महत्त्वाची सूचना. हिंगुळात पारा, हरतालात आर्सेनिक, सिंदुरात शिसं. हे कोरडे कुटायचे नाहीत, ओलेच खलायचे. तोंडाला धुळीपासून वाचवणारा चांगला मास्क, हातात मोजे. स्वयंपाकघरातलं कुठलंही भांडं यात वापरायचं नाही आणि हिंगूळ-हरताळ कधी तापवायचा नाही. कुंचल्याचं टोक जिभेवर टेकवायची जुनी सवय आहे, ती नीळ-लाखेच्या छटांपुरती होती. खनिज रंग लागलेला कुंचला तोंडात जाता कामा नये. घरात लहान मुलं असतील तर सरावासाठी सरळ पोस्टर कलर घ्या.

---

गवाक्ष

पोस्टर कलर चालतील हे वाचून बरं वाटलं. ॲक्रिलिक?

---

वस्त्रगाळ

सरावासाठी पोस्टर कलर चांगले, कारण तेही पाण्याने भिजणारे आणि वाळल्यावर चकाकी नसलेले. ॲक्रिलिक नको. त्याचा प्लास्टिकचा पापुद्रा बनतो, त्यावर नीळ-लाखेची कोरडी छटा शोषली जात नाही आणि वरचं सोनं घोटताना दगड चिकटतो.

---

सांजछटा

रंगवण्याचा क्रम राहिला होता, तो लिहिते. दुरून जवळ आणि गडदातून फिक्याकडे. आधी आभाळ, मग डोंगर, हिरवळ, पाणी, मग ढग-ज्वाळा, प्रभावळ, वस्त्रं, शेवटी अंगकांती. निळे-हिरवे पट्टे आधी उरकतात. ते जाड कणांचे असतात, सांडतात, शिंतोडे उडतात, आणि अंगाचा पांढरा किंवा सोनेरी भाग आधीच झालेला असेल तर खराब होतो. एका रंगाची सगळी क्षेत्रं एकाच वेळी भरायची. निळा घेतला की चित्रभर जिथे जिथे निळा आहे तिथे. वाटीतला सरस आणि रंग यांचं प्रमाण त्या एका बैठकीत तेच राहतं, म्हणून छटा जुळते. उद्या पुन्हा कालवलेला निळा कालच्यासारखा नसतो. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे.

आभाळाची छटा ओली: वर गडद निळा, क्षितिजाकडे पांढऱ्यात विरत जाणारा. एका हातात रंगाचा कुंचला, दुसरा नुसता दमट, कड ओली असेपर्यंत विरवायची. मध्येच वाळली तर पट्टा दिसतो, आणि त्यावर पुन्हा ओलं फिरवलं तर खालचा थर उठतो. अशा वेळी थांबायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि उरलेलं कोरड्या छटेने झाकायचं.

कोरडी छटा हा थांक्याचा खरा कस. नीळ किंवा लाख अतिशय पातळ करायची, कुंचला जवळजवळ कोरडा करायचा आणि केसाएवढ्या रेघोट्या एकमेकींशेजारी टाकत जायच्या. एक थर दिसतसुद्धा नाही. पाचव्या-सहाव्या थराला कमळाच्या पाकळीच्या मुळाशी सावली जमू लागते. बुद्धाच्या मागच्या प्रभावळीची गडद कड, ढगाच्या पोटातला निळा, ओठाखालची सावली, सगळं असंच. भिंग लावून बघितलं की रेघोट्या एकाच दिशेने, पाकळीच्या वळणाबरोबर वळलेल्या दिसतात. खालच्या रंगात सरस जास्त असेल तर रेघ शोषलीच जात नाही, थेंबासारखी वर उभी राहते. कमी असेल तर दुसऱ्या थराला खालचा रंग कुंचल्यावर येतो. छटा बिघडली की माणूस हाताला दोष देतो, बहुतेक वेळा दोष चार दिवसांपूर्वी कालवलेल्या वाटीचा असतो.

यानंतर कडरेषा. निळ्या-हिरव्याला निळीची, लाल-नारिंगीला आणि अंगकांतीला लाखेची. एकसारखी जाडी नको. वस्त्राची घडी वळते तिथे रेषा फुगते, टोकाला निमुळती होते.

---

अकीक

सोन्याबद्दल मी लिहितो. शुद्ध सोन्याची पूड, अगदी पातळ सरसात कालवलेली. लावल्यावर मातकट पिवळी दिसते, बघणाऱ्याची निराशा होते. पूर्ण वाळली की मागे फळी धरायची आणि अकीकाच्या टोकदार दगडाने घासायचं, तेव्हा झळाळी येते. सगळं घासायचं नाही. मातकट सोन्यावर दगडाच्या टोकाने फक्त वेलबुट्टी ओढली तर सोन्यावरच सोनं उमटतं: उजेड हलला की नक्षी दिसते, नाहीतर लपते. बुद्धाच्या चीवरावरची, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रावरची, नक्षी पुष्कळदा अशी असते.

इथेही तेच. सरस जास्त पडला तर सोनं कितीही घासलं तरी मंद राहतं आणि दगड अडतो. कमी पडला तर दगडाला सोनंच चिकटून येतं. दमट हवेत घोटायला बसू नये, कोरडा दिवस बघावा.

डोळे सर्वांत शेवटी, बहुधा पौर्णिमेसारखा चांगला दिवस बघून. मग पाठीवर, मूर्तीच्या कपाळ, कंठ आणि हृदयामागे बरोबर, ॐ, आः, हूँ ही अक्षरं. जागा चुकू नये म्हणून थांका उजेडासमोर धरून खुणा करतात. त्यानंतर लामांकडून प्रतिष्ठा.

---

देवचाफा

सुंदर धागा. पौभा आणि थांका एकच का? काठमांडूत दोन्ही शब्द ऐकू येतात.

---

ब्रह्मसूत्र

@देवचाफा, पौभा ही नेपाळ खोऱ्यातल्या नेवार चित्रकारांची परंपरा. तंत्र जवळजवळ तेच. पौभात लाल रंगाचं राज्य, मोकळी जागा कमी, वेलबुट्टी दाट, आणि बौद्धांबरोबर हिंदू देवताही. तिबेटातल्या सुरुवातीच्या थांक्यांवर पाल राजांच्या काळातल्या पूर्व भारताची आणि नेवार चित्रकारांची छाप स्पष्ट आहे. पुढे चिनी निसर्गचित्रांतून डोंगर, धुकं, मोकळं आभाळ आलं. १६व्या शतकात नामखा ताशी यांच्यापासून सुरू झालेल्या कर्म गाद्री शैलीत तर मूर्ती लहान आणि आभाळ मोठं असतं. तिथे ओली छटा जमली नाही तर लपवायला काही नसतं.

आज थांका शिकवणारी ठिकाणं: धरमशाळेजवळची नोरबुलिंगका संस्था, काठमांडूतलं बौद्धनाथ, भक्तपूर, आणि चीनच्या छिंगहाई प्रांतातलं रेबगोंग. रेबगोंगच्या कलांची २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली.

---

किनखाब

चित्र झालं तरी थांका पूर्ण होत नाही. चौकटीवरून कापून त्याला रेशमी किनार शिवतात. चित्राला लागून आधी पिवळी आणि लाल अशा दोन बारीक पट्ट्या, त्यांना इंद्रधनुष्य म्हणतात, मग बाहेर रुंद किनखाब, बहुधा निळा. तिबेटी मठांसाठी लागणारा हा किनखाब वाराणसीचे विणकर विणतात, त्याला ग्यासर म्हणतात. खालची बाजू वरच्यापेक्षा लांब, साधारण दुप्पट, आणि खाली किंचित रुंदावत जाणारी. खालच्या भागाच्या मधोमध वेगळ्या किनखाबाचा चौकोनी तुकडा, त्याला थांक्याचं दार म्हणतात. वर चपटी पट्टी, खाली गोल दांडा, दांड्याच्या टोकांना धातूच्या टोप्या. समोर पातळ रेशमाचा पडदा आणि दोन लोंबत्या फिती.

इथली नेहमीची चूक: किनखाब ताणून शिवणं. चित्राचं कापड सरस-खडूने ताठ झालेलं, किनखाब लवचीक. दोन्ही दमट हवेत वेगवेगळे हलतात. ताणून शिवलं तर पहिल्याच पावसाळ्यात चित्राच्या कडा कपासारख्या आत वळतात. किनखाब किंचित सैल सोडून, हाताने, लांब टाक्यांनी शिवायचा. अस्तराचं कापड पाठीला चिकटवायचं नाही, फक्त वर आणि कडांना टाचायचं.

---

निळवंती

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर: लडाखहून किंवा धरमशाळेहून आणलेल्या थांक्यावर मुंबई-कोकणात दोन पावसाळ्यांत करडे ठिपके येतात. पुसायचे कशाने?

---

मांजरपाट

@निळवंती, ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका. ही एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. आतला सरस पाण्याने सुटतो, बुरशीबरोबर नीळ आणि लाख दोन्ही फडक्यावर येतील. स्पिरिट, लिंबू, ब्रेड, काहीही नको.

ठिपके म्हणजे बुरशी, तिला सरस हे खाद्य. आधी थांका बाहेरच्या भिंतीवरून काढा, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. कोरड्या खोलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर, सपाट ठेवा. ठिपके पूर्ण कोरडे झाले की, आणि रंग सुटत नाहीये याची खात्री असेल तरच, अगदी मऊ रुंद कुंचल्याने वरच्यावर झटका, मास्क लावून. रंग उडतोय असं दिसलं तर हात लावू नका, संवर्धकाकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात हिमालयीन कलेचा संग्रह आहे आणि कलासंवर्धन केंद्रही, निदान चौकशी तिथे करता येते.

टांगताना थांक्याच्या पाठीमागे भिंतीपासून बोटभर अंतर राहू द्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर असणं उत्तम. रोज वर-खाली होण्यापेक्षा थोडी जास्त पण स्थिर बरी. काचेत बसवायचं असेल तर चित्र काचेला टेकता कामा नये. प्लायवर चिकटवणं किंवा लॅमिनेट करणं म्हणजे चित्राचा शेवट. झुरळं आणि कसर दोन्हींना सरस आवडतो, म्हणून गुंडाळून माळ्यावर टाकू नका. समोर समई-उदबत्ती लावत असाल तर हातभर दूर. जुन्या मठांतले थांके लोण्याच्या दिव्यांच्या काजळीने काळे पडलेत, आणि ती काजळी सरसात मुरली की निघत नाही.

गुंडाळताना खालच्या दांड्यापासून वर, सैल, पडदा चित्रावर पसरून. दांडा बारीक असेल तर त्यावर आधी जाड कागदी नळी चढवा. जुन्या थांक्यांवर आडव्या समांतर भेगा दिसतात त्या घट्ट गुंडाळल्याच्या.

---

गवाक्ष

शेवटचा प्रश्न. छापील थांक्यावर वरून सोनेरी रंग मारून 'हाताने केलेला' म्हणून विकतात. ओळखायचं कसं?

---

सांजछटा

दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या. छापील असेल तर आभाळात रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते, हाताच्या कामात रेघोट्या. पाठ बघा: खऱ्याच्या पाठीला खडूचं अस्तर असतं, उजेडासमोर धरला तर गडद भाग वेगळे उमटतात. बाजूने तिरपा उजेड टाका, खनिज निळ्याचे कण मखमलीसारखे चमकतात आणि घोटलेलं सोनं झळाळी बदलतं. पितळी पुडीचा सोनेरी रंग सगळीकडून सारखाच दिसतो आणि काही वर्षांत हिरवट-तपकिरी होतो. किनखाबावरून ठरवू नका, छापील चित्रालाही चांगला किनखाब लावतात.

---

देवचाफा

लडाखच्या हेमिस मठात बारा वर्षांनी दाखवतात तो अवाढव्य थांकाही असाच रंगवलेला असतो का?

---

किनखाब

@देवचाफा, एवढे मोठे थांके बहुतेक शिवलेले असतात. हेमिसचा गुरू पद्मसंभवांचा थांका तिबेटी पंचांगातल्या वानरवर्षात उलगडतात, याआधी २००४ आणि २०१६ मध्ये उलगडला होता. शिवलेल्या थांक्यात रंगीत रेशमाचे तुकडे कापून एकमेकांवर बसवतात आणि कडरेषेच्या जागी घोड्याच्या केसांवर रेशमी दोरा गुंडाळून केलेली गोफासारखी दोरी टाचतात. केस ताठ असल्याने वळण नेमकं राहतं, नाकाची रेघसुद्धा त्यातून साधते. सरस नाही, खडू नाही, त्यामुळे कितीही मोठा असला तरी घडी घालता येते. भीती फक्त उजेडाची, रेशीम उन्हाने विटतं आणि विरतं. भूतानमध्ये पारोच्या उत्सवात असा थांका पहाटे अंधारातच उलगडतात आणि सूर्याचं पहिलं ऊन अंगावर पडायच्या आत गुंडाळून ठेवतात.